पिल्लू देणारा काय विचारतो?

‘दत्तक घ्या, विकत घेऊ नका’ ही घोषणा आपल्याकडे अमेरिकेतून आली, आणि तिच्यामागचं गणितही तिथलंच आहे. तिथल्या शेल्टरमध्ये जागा संपली की धडधाकट कुत्र्यामांजरांनाही इंजेक्शन देऊन मारलं जातं. एएसपीसीए या तिथल्या जुन्या संस्थेचा २०१९चा अंदाज वर्षाला सुमारे ९ लाख २० हजार प्राण्यांचा होता. तिथं शेल्टरमधून एक कुत्रा घरी नेणं म्हणजे सरळसरळ एक जीव वाचवणं.

आपल्याकडचा कायदा निराळा. आधी २००१च्या आणि आता २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरचा कुत्रा पकडायचा, त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलला तिथंच नेऊन सोडायचा. निरोगी कुत्र्याला मारता येत नाही. सगळ्यांना डांबून ठेवणंही शक्य नाही, कारण २०१९च्या पशुगणनेत देशभरात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२५ला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि २२ ऑगस्टला तो आदेश बदलून, पिसाळलेली किंवा आक्रमक सोडून बाकीची लस टोचून परत सोडायला सांगितलं. त्या गदारोळात एक मुद्दा मागे राहिला. ज्यांना रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, मात्र तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, असंही त्याच आदेशात आहे.

तेव्हा आपल्याकडे शेल्टर म्हणजे मुळात दवाखाना. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३पासून जखमी जनावरं सांभाळतं आहे. मुंबईतली ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’, पुण्यातली ‘रेस्क्यू’, गोव्यात आसगावची ‘इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू’ या संस्थांचं मुख्य कामही उपचार, नसबंदी आणि लसीकरण. दत्तक देणं हे त्यातून निघणारं पुढचं काम. कुणाची आई गाडीखाली गेली म्हणून आलेली पिल्लं, तीन पायांवर चालायला शिकलेली कुत्री, खरजेनं केस गेलेली आणि महिन्याभरात ओळखू येणार नाहीत इतकी सुधारलेली कुत्री, असा तिथला कुटुंबकबिला असतो.

आणि यांच्याच शेजारच्या पिंजऱ्यात लॅब्रेडॉर असतो, हस्की असतो, पग असतो. जातिवंत कुत्रा हवा म्हणून शेल्टरकडे न फिरकणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं. ही कुत्री कुणीतरी पैसे मोजून आणलेली होती. मग बाळ झालं, घरमालकानं हरकत घेतली, कुत्रा वाढला तसा त्याचा खुराक वाढला, किंवा हिंजवडीतल्या जोडप्याला ‘ऑनसाइट’ची संधी आली. कोविडच्या टाळेबंदीत घरी बसून कंटाळलेल्यांनी आणलेली पिल्लं ऑफिसं सुरू झाल्यावर अशीच दारोदार फिरली. मार्च २०२४मध्ये केंद्रानं पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींवर बंदी घालणारं परिपत्रक काढलं. कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी साधारण महिन्याभरात ते रद्द केलं, पण मधल्या काळात घाबरलेल्या मालकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. यातला ५०चा आकडा १९६०चाच आहे. पासष्ट वर्षांत तो कुणाला वाढवावासा वाटलेला नाही.

आता ब्रीडरकडे येऊ. कागदावर आपला कायदा चांगला आहे. २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरनं राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिचा जोड लावायचा नाही, वर्षात एकाहून जास्त वेत घ्यायचं नाही, आयुष्यात पाचांहून जास्त नाही, आणि आठ वर्षांनंतर मुळीच नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही, आणि विकताना त्याला मायक्रोचिप बसवलेली हवी, लसीची नोंद हवी. २०१८मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही वेगळे नियम आले.

प्रत्यक्षात गिऱ्हाईक ज्याला ‘ब्रीडर’ म्हणतं तो बहुतेक वेळा ब्रीडर नसतोच. तो मध्यस्थ असतो. फोनवर पिल्लाचे फोटो येतात, ‘चॅम्पियन ब्लडलाइन’, ‘हेवी बोन’, ‘विथ पेपर’ आणि ‘विदाउट पेपर’ असे दोन भाव येतात, आणि पिल्लू हायवेवर किंवा स्टेशनबाहेर टोपलीतून हातात पडतं. आई कुठं आहे, असं विचारलं की ती गावाला असते. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र. ते वंशावळ सांगतं, तब्येत नाही. बापाच्या खुब्याचा एक्स-रे काढला होता का, आईच्या डोळ्यांची तपासणी झाली होती का, याचं उत्तर त्या कागदावर नसतं. गिऱ्हाईक मात्र तो कागद आरोग्याचा दाखला समजून जपून ठेवतं.

पिल्लू दोन महिन्यांचं आहे असं सांगून पाच आठवड्यांचं विकलं जातं, कारण लहान पिल्लू गोंडस दिसतं आणि त्याला खाऊ घालायचा खर्च वाचतो. हा नुसता वयाचा खोटेपणा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या स्वभावाचा पाया घालतो. चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. ती शाळा अर्ध्यावर सोडवून आणलेलं पिल्लू पुढं मुलांचे हात ओरबाडतं, आणि दोष त्याच्या जातीला जातो.

त्यात पार्व्हो. या विषाणूची लागण झाल्यावर आजार दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. विकताना उड्या मारणारं पिल्लू आठवड्याच्या आत रक्ताची हगवण लागून सलाइनवर असतं. आईला लस नाही, वेगवेगळ्या घरांतली पिल्लं एका पिंजऱ्यात, दोन दिवस गाडीचा प्रवास, याचा दुसरा परिणाम काय होणार? विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झालेला असतो. न्यायानं बोलायचं तर पार्व्हो शेल्टरमध्येही पसरतो, आणि जोरात पसरतो. फरक एवढाच की बरं शेल्टर नवीन पिल्लाला वेगळं ठेवतं, लसीचे दोन डोस झाल्याशिवाय सहसा देत नाही, आणि पिल्लू आजारी पडलं तर फोन उचलतं.

बाजाराचं आणखी एक अंग म्हणजे फॅशन. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’नं घरोघरी पांढरे स्पिट्झ पोचवले, बहुतेक ‘पॉमेरेनियन’ म्हणून विकले गेलेले. २००३मध्ये ‘हच’च्या जाहिरातीत मुलाच्या मागं मागं जाणारा पग आला आणि पुढची काही वर्षं नाक्यानाक्यावर पग दिसू लागले. पगचं नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद. कुत्रा घामानं नव्हे तर धापा टाकून अंग थंड करतो, आणि याला धड धापही टाकता येत नाही. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात त्याचं काय होत असेल याचा विचार जाहिरात बघताना कोण करतो? त्यानंतर हस्कीची लाट आली. सैबेरियात स्लेज ओढणारं, दुहेरी केसांचं जनावर कल्याणच्या वन-बीएचकेत एसीच्या भरवशावर ठेवायचं, वीज गेली की त्यानं काय करायचं ते त्याचं त्यानं बघावं! कुठल्या जातींना आपली हवा सोसते हे पशुवैद्याला विचारलं तर तो पाच मिनिटांत सांगतो. विचारणारे मात्र पिल्लू घेऊन, पहिल्या लसीला येतात.

जातिवंत कुत्रं आजारी आणि गावठी निरोगी, असं सरसकट विधान दत्तकवाले करतात. पुरावा इतका सरळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय रुग्णालयातल्या २७ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २४ आनुवंशिक आजार बघितले होते. त्यातले १० जातिवंत कुत्र्यांत जास्त निघाले, १३ आजारांत दोन्हींत फरक नव्हता, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं हे मिश्र कुत्र्यांत जास्त होतं. ज्या खुब्याच्या आजारासाठी लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड बदनाम आहेत, तोही फरक नसलेल्या गटात होता. पण आपल्यासाठी या अभ्यासाला एक मर्यादा आहे. अमेरिकेतला मिश्र कुत्रा म्हणजे बहुधा दोन-तीन विलायती जातींची सरमिसळ. आपला गावठी कुत्रा कुठल्याच जातीतून उतरलेला नाही. माणसाच्या वस्तीजवळ, कुणी निवड न करता, उन्हापावसात टिकत आलेली ती जुनी प्रजा आहे. ना नाक चपटं, ना पाठ लांब, ना डोळे बाहेर. माणसानं शरीराशी खेळून निर्माण केलेले आजार त्याला नसणं साहजिक आहे. जंत, गोचीड-ताप, लहानपणच्या उपासमारीनं राहिलेला अशक्तपणा हे त्याचे आजार, आणि त्यातले बरेच बरे होणारे.

स्वभावाबद्दलचा दावा ब्रीडरवाल्यांचा. ‘लॅब घ्या, मुलांशी चांगला असतो.’ २०२२मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं वाचून केलेला अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीनं समजावता येतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे जात अगदीच काही सांगत नाही असं नाही, पण विकणारा सांगतो तेवढं नक्कीच सांगत नाही.

या वादात आपली जुनी वाट कुणाला आठवत नाही. गावात कुत्रा विकतही कुणी घेत नसे आणि दत्तकही. कुणाच्या तरी वाड्यातली कुत्री व्यायली की पिल्लू मागून आणायचं. कुत्री माहितीची असे. ती राखणीला कशी, पोरांच्या अंगावर जाते का, कोंबड्या धरते का, हे सगळ्या आळीला ठाऊक. धनगर तर मेंढरांच्या राखणीसाठी कुणाच्या कुत्रीचं पिल्लू घ्यायचं हे वेत होण्याआधीच ठरवून ठेवतो. ‘खाण तशी माती’ या म्हणीवर चाललेला हा व्यवहार होता. पिल्लू बघून पिल्लाबद्दल फार कळत नाही, आई बघून कळतं, हे आधुनिक प्रशिक्षकही सांगतात. इंग्लंडनं एप्रिल २०२०मध्ये ‘लूसीचा कायदा’ लागू करून सहा महिन्यांखालची पिल्लं मध्यस्थामार्फत विकायला बंदी घातली, तीही याच तत्त्वावर: पिल्लू जिथं जन्मलं तिथंच, आईसोबत असताना गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. फ्रान्सनं २०२४पासून दुकानातली कुत्र्यामांजरांची विक्री बंद केली. आपल्याकडे मध्यस्थ हाच बाजाराचा कणा आहे, आणि नियमांची अंमलबजावणी करायला माणसं नाहीत.

चांगला ब्रीडर ही चीज अस्तित्वात आहे का? आहे. तो एका किंवा फार तर दोन जातींवर काम करतो, वर्षातून एखादं वेत घेतो, घरी बोलावतो, आई दाखवतो, दोन महिने थांबायला लावतो, आणि पिल्लू देण्याआधी तुमची इतकी चौकशी करतो की मुलगी बघायला आल्यासारखं वाटावं. अशा माणसाची आपल्याला गरजही आहे. कारवानी कुत्र्याचंच बघा. मराठवाडा-सोलापूरपासून कर्नाटकापर्यंतच्या पट्ट्यातलं हे सडपातळ, वाऱ्यासारखं पळणारं शिकारी कुत्रं. मुधोळच्या मराठा संस्थानिकांनी, घोरपड्यांनी, ते जोपासलं म्हणून मुधोळ हाउंड या नावानं जगाला कळलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीला जागा उरली नाही, आणि नेटानं जोड लावणारे लोक नसतील तर ही कुत्री सरमिसळीत हरवून जातील. ज्याला अशी जात टिकवायची आहे, किंवा ज्याला शेतावर ठरावीक कामाचा कुत्रा हवा आहे, त्यानं जाणत्या पाळणाऱ्याकडून पिल्लू विकत घेण्यात मला काही गैर दिसत नाही. त्यासाठी शंभर किलोमीटर जाऊन आई बघायची तयारी हवी, इतकंच. आणि मुधोळ हाउंडला धावायला मोकळं रान लागतं; तो आता फॅशनमध्ये येतोय म्हणून फ्लॅटमध्ये आणणं हा हस्कीचाच किस्सा देशी कपड्यात.

दत्तक देणाऱ्यांची बाजूही सगळी उजळ नाही. प्रत्येक इमारतीत एखादी प्राणीप्रेमी व्यक्ती ‘रेस्क्यू’ करते, त्यातल्या कितीतरी जणांकडे ना डॉक्टर असतो ना जागा. ‘आज संध्याकाळपर्यंत घर मिळालं नाही तर...’ असे निरोप फिरतात, आणि दयेपोटी हो म्हणणाऱ्या घरात पिल्लू जातं. दया ही चांगली गोष्ट, पण ती बारा-चौदा वर्षं रोज सकाळी सहाला उठत नाही. काही संस्था उलट टोकाला जातात: भाडेकरू नको, एकटा मुलगा नको, दोघं नोकरी करणारे नकोत. कंटाळून हीच माणसं मध्यस्थाकडे जातात, जो काहीच विचारत नाही. कधी चावलेल्या कुत्र्याचा इतिहास झाकून ‘थोडा लाजरा आहे’ म्हणून तो दिला जातो. यात दत्तक घेणाऱ्याचंही नुकसान आणि त्या कुत्र्याचंही, कारण तो दुसऱ्यांदा नाकारला जातो.

म्हणून मला शेल्टर आणि ब्रीडर ही रेघच जरा चुकीच्या जागी ओढलेली वाटते. ती विचारणारा आणि न विचारणारा यांच्यामध्ये ओढायला हवी. घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसा घरी कोण असतं, आधीचा कुत्रा कशानं गेला, गावाला गेलात तर कुठं ठेवणार, नसबंदी कधी करणार, हे जो विचारतो, आणि नाही जमलं तर पिल्लू कधीही परत माझ्याकडे आणा असं जो लिहून देतो, त्याच्याकडून घ्यावं. त्याचा फलक शेल्टरचा असो की केनेलचा. आता आपल्या शहरांत असे विचारणारे लोक शोधायला निघालात तर ते दत्तक देणाऱ्या संस्थांमध्येच कितीतरी जास्त भेटतात. फॉर्म, आधारची प्रत, घर बघायला येणारा स्वयंसेवक, महिन्यानं येणारा फोन, या सगळ्याचा लोकांना राग येतो. माझ्या मते तीच त्या देणाऱ्याची पावती आहे. त्यामुळे शहरातल्या सर्वसाधारण घरानं मला विचारलं तर मी दत्तकच सुचवीन, तेही पाप-पुण्याचा हिशेब न मांडता.

मांजरांचं थोडक्यात सांगायचं तर तिथं ब्रीडरवर लगामच नाही. २०१७चे नियम कुत्र्यांपुरते आहेत. घरात पर्शियन मांजरांची वेतं काढणारा त्यात येत नाही. ‘पंच फेस’ जितका चपटा तितका भाव जास्त, आणि तितकाच नाका-डोळ्यांचा त्रासही. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. त्याची जनुकीय चाचणी होते, पण विकणाऱ्याला ती मागून बघा, तो तुमच्याकडेच बघत राहील. गावठी मनीला या कशाची गरज पडत नाही, आणि तिला ठरवून घरी आणणारी माणसंही कमी. ती बहुधा स्वतःच घर निवडून येते.

घरी आणण्याआधी सोसायटीचा प्रश्न. पशुकल्याण मंडळानं २०१५मध्येच स्पष्ट केलं आहे की सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. कायदा बाजूनं असला तरी लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याशी बारा वर्षं काढायची आहेत, तेव्हा पालिकेचा परवाना, लसीचा दाखला आणि हातात पिशवी हे बरोबर असलेलं बरं. पुढं परदेशी जायचा बेत असेल तर तोही आधीच मोजावा. भारत रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत आहे. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४पासून सहा महिन्यांखालच्या कुत्र्याला प्रवेश बंद केला आहे आणि मायक्रोचिप सक्तीची केली आहे. युरोपात नेण्यासाठी रक्तातल्या रेबीज-प्रतिपिंडांची तपासणी करून तीन महिने थांबावं लागतं. नेता येतं, अनेक मराठी कुटुंबांनी आपली गावठी कुत्री न्यू जर्सीपर्यंत नेलीही आहेत. पण व्हिसा आल्यावर हालचाल सुरू केली तर उशीर झालेला असतो.

राहता राहिला वयाचा प्रश्न. शेल्टरमध्ये जाणाऱ्याला पिल्लूच हवं असतं, आणि दोन-तीन वर्षांचा कुत्रा तिथंच राहतो. वास्तविक पिल्लाबद्दल सगळेच अंदाज असतात, मोठ्या कुत्र्याबद्दल माहिती असते. तो केवढा आहे, मांजरावर धावतो का, फटाक्यांना किती घाबरतो, हे त्याला रोज बघणारी माणसं सांगू शकतात. रात्री तीनला उठून फरशी पुसावी लागत नाही. साठी ओलांडलेल्या जोडप्यानं लॅबचं पिल्लू आणून त्याच्या ओढीनं जिन्यात पडण्यापेक्षा पाच-सहा वर्षांची शांत कुत्री आणावी. आपल्यानंतर तिचं कोण करेल हे मुलांशी आधी बोलून घ्यावं. रतन टाटांनीही आपल्या टिटो या कुत्र्याची सोय मृत्युपत्रात करून ठेवली होती. आणि शेल्टरपर्यंत जायचंही नसेल, तर इमारतीच्या फाटकापाशी गेली तीन वर्षं बसणारी, वॉचमनच्या हाकेला येणारी, कान कापलेली म्हणजे नसबंदी झालेली कुत्री आहेच. तिचा स्वभाव अख्ख्या सोसायटीला पाठ आहे. मोकळं हिंडायची सवय असलेल्या कुत्रीला एकदम दार लावून कोंडू नये. आधी आठवडाभर रात्रीपुरतं आत घ्यावं, पट्ट्याची सवय लावावी, गोचीड-जंतांचं औषध द्यावं, आणि तिला आत राहायचं आहे का ते बघावं. काहींना नसतं. मग रेबीजची लस दरवर्षी टोचून तिला फाटकापाशीच राहू द्यावं.